न लागणारा फाटा

आधी चौकट.
पडद्याच्या तळाशी, काळसर, धुरकट काचेसारखी,
तीन ओळी मावतील एवढीच.
ओळीत चोवीस अक्षरं. पंचविसावं आलं
की वाक्य मोडावं लागतं.

चौकटीच्या वर एक मुलगी, कमरेपर्यंतच.
तिला चार चेहरे: साधा, हसरा, रुसलेला, दचकलेला,
आणि पैसे उरलेच तर पाचवा.
पाय आम्ही कधीच कुणाला दिले नाहीत.

मागे चित्र. रिकामा वर्ग, रिकामा धक्का,
संध्याकाळी पावणेसहाचं रिकामं स्टेशन.
हे सादाहारूचं काम. तो माणसं काढत नसे.
म्हणायचा, माणसं तुझ्या खात्यात.

हाकोदातेच्या उतारावर दातांचा दवाखाना,
वरच्या खोलीत आम्ही चौघं आणि रॉकेलचा एक स्टोव्ह.
जिन्यात रिसेप्शनवालीची रोजची हाक:
कुरोसेसान, लेस! पडाल एखाद दिवशी!
मी हो म्हणायची आणि तशीच वर यायची,
डोक्यात कुणाचं तरी अर्धं वाक्य.

वाचायचं असं:
एक वाक्य उमटतं, कोपऱ्यात चिमुकला त्रिकोण लुकलुकतो.
तुम्ही बोट टेकवेपर्यंत जगात काही घडत नाही.
बर्फ पडतो, पण तोच तो.
मग कधीतरी फाटा लागतो.
तिच्यामागे जा.
छत्री घेऊन घरी जा.
खेळ म्हणावा तर एवढाच. बाकी सगळं वाचन,
आणि मागे येऊन दुसऱ्या फाट्याने पुन्हा वाचन.
वाचलेलं भराभर पळवता येतं,
न वाचलेली ओळ आली की आपोआप थांबतं.
त्या एका थांबण्यासाठी
लोक चाळीस-चाळीस तास देतात.

तिसऱ्या हिवाळ्यात मी एक प्रसंग लिहिला.
बंद झालेली खानावळ, खुर्च्या टेबलांवर उलट्या,
एकच टेबल शाबूत, दोघं जण,
मधे वाळवलेल्या माकुळाची बशी.
ती विचारते, तुझ्या चित्रांत कुणीच का नसतं?
तो म्हणतो, येतील म्हणून जागा ठेवतो.
बस्स. कुणी कुणाचा हात धरत नाही.

वाक्य सादाहारूचंच होतं,
आदल्या मंगळवारी स्टोव्हमध्ये तेल ओतताना म्हणालेलं.
मी त्याला वाचून दाखवलं नाही.
त्याने चित्र काढलं, यादीत होतं म्हणून.

त्या खानावळीत पोचायला एक खूण लागते.
तपासणी होते सातव्या दिवशी,
खूण मात्र उमटते आठव्या.
माझी चूक. कुवाबाराला सापडली नाही.
मला सापडली, डिस्क छापायला गेल्यावर दोन दिवसांनी,
आणि मी ब्रसुद्धा काढला नाही.

एकोणीस वर्षं झाली.
कंपनी बुडाली, दवाखाना आमच्या खोलीपर्यंत वाढला.
सादाहारू तोकाचीला, सासऱ्याच्या बीटाच्या शेतीवर.
नव्या वर्षाचं कार्ड येतं,
त्यावर कधी ससा, कधी घोडा,
त्या-त्या वर्षाचा प्राणी, त्याच्यामागे मोकळं रान.

गेल्या महिन्यात मात्सुएहून पत्र आलं,
योरिए त्सुकुदा नावाच्या मुलीचं.
मामाच्या खोक्यात डिस्क मिळाली, अकराही शेवट झाले.
मग तिने खेळ आतून उसवला, शिवण उसवावी तसा,
आणि खाली खानावळ निघाली, वाट नसलेली.

ती वाट विचारत नाही.
लिहिते, चित्र पूर्ण उघडून बघितलं, चौकटीशिवाय.
टेबलाखाली दोघांचे पाय आहेत.
तळाशीच, जिथे तुमच्या तीन ओळी आल्या असत्या.
एकाच्या बुटाची लेस सुटलेली आहे.
हे कोण, सांगाल का?

मी ते चित्र नेहमी चौकटीसकट पाहिलं.

उत्तर लिहायला घेतलं आहे.
सध्या पंचविसाव्या अक्षरावर आहे.